म्हात्रे काकांचं चॅनल आणि आमचे पॅरामीटर

किस्से जमवायचे म्हणून कोणी जमवत नाही. पूर्वी मी ऑफिसातला किस्सा त्याच दिवशी संध्याकाळी घरी सांगून टाकायचो. भाजी निवडता निवडता तो ऐकला जायचा आणि तिथेच संपायचा. आता ऐकणारं माणूस घरी नाही, त्यामुळे ते साठत जातात. कपाटाचं दार लागेनासं झालं की आपण जुने कपडे बाहेर काढतो, तसे हे थोडे बाहेर काढतोय.

ऑफिस रबाळ्याच्या एमआयडीसीत आहे. एका बाजूला रंगाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. आमच्या गच्चीवर मोठमोठ्या छत्र्या आहेत. उपग्रहावरून येणारी चॅनल त्या पकडतात, खालच्या थंडगार खोलीतली यंत्रं ती दाबून-चेपून एकत्र बांधतात आणि केबलमधून नवी मुंबईत घरोघरी पाठवतात. या जागेला हेडएंड म्हणतात. मी इंजिनिअर नाही. टीव्हीच्या पडद्यावर ज्या सूचना येतात त्या, आणि केबलवाल्यांसाठीची माहितीपत्रकं, मी मराठीत लिहितो. म्हणजे इंजिनिअर जे बोलतात ते माणसांना समजावणं हे माझं काम. माणसं जे बोलतात ते इंजिनिअरांना समजावणं हे कोणाचंच काम नाही.

*

आमचे मुख्य म्हणजे सबनीस साहेब. त्यांचा एक नियम आहे. हेडएंडमध्ये कोणी 'बंद' म्हणायचं नाही. चॅनल बंद पडत नाही, त्याची सर्व्हिस डिग्रेड होते. यंत्र बंद पडत नाही, ते नॉन-ऑपरेशनल स्टेटमध्ये जातं. साहेबांचं म्हणणं असं, की 'बंद' म्हटलं की लोक लगेच 'चालू कधी होणार' असं विचारतात. 'डिग्रेड' म्हटलं की कोणी काही विचारत नाही. यात तथ्य आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

एकदा साहेब आमच्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकले. आत मोबाइलला रेंज होती. त्यांनी खाली वॉचमनला फोन केला आणि सांगितलं, "लिफ्टची सर्व्हिस डिग्रेड झालीये."

वॉचमन म्हणाला, "हां साहेब, जरा स्लोच हाय ती."

साहेबांनी खुलासा केला, की स्लो नाही, नॉन-ऑपरेशनल आहे. वॉचमनने सुपरवायझरला विचारून सांगतो म्हणून फोन ठेवला. सुपरवायझर जेवायला गेला होता.

मग साहेबांनी मला फोन केला. झाला प्रकार सांगितला. आत उकडायला लागलं होतं, आवाजावरून कळत होतं. पण मलाही त्यांनी 'बंद' म्हटलं नाही. म्हणाले, "तुम्ही मराठीत लिहिता ना? जरा खाली जाऊन त्याला मराठीत सांगा."

*

आता म्हात्रे काका. हे गोठिवलीचे. वडिलांच्या भातशेतीवर आता काकांच्या बिल्डिंगी उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीत मी भाड्याने राहतो. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, गळ्यात बोटाएवढी जाड साखळी. गावातलं केबलचं जाळं त्यांचं आणि त्यावरचं लोकल चॅनलही त्यांचंच. त्यावर कबड्डीचे सामने असतात, हळदी असतात, गावदेवीची जत्रा असते आणि वर्षातून एक पूर्ण दिवस काकांचा वाढदिवस असतो. मधेमधे टाइल्सच्या दुकानाची जाहिरात. हे चॅनल आमच्या हेडएंडमधून सगळ्या शहरात जातं, त्यामुळे गावची लेक लग्न होऊन कामोठ्याला गेली तरी संध्याकाळी आपल्या आळीत काय चाललंय ते तिला घरबसल्या कळतं. तिच्या सासूलाही कळतं, पण त्याला काकांचा इलाज नाही.

मागच्या वर्षी वरून हुकूम आला, की प्रत्येक लोकल चॅनलच्या चित्राचे-आवाजाचे आकडे, म्हणजे पॅरामीटर, मोजून क्वालिटी ऑडिट होणार. जे नापास होईल ते काढायचं आणि त्याची जागा शॉपिंगच्या चॅनलला द्यायची. शॉपिंगच्या चॅनलवर एक बाई दिवसभर कांदा कापायचं यंत्र विकते. अशी चॅनल आमच्याकडे आधीच बरीच आहेत. शहरात एवढे कांदे कोण कापतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

सबनीस साहेबांनी काकांना बोलावून घेतलं आणि मोठ्या पडद्यावर सगळं समजावून सांगितलं. बिटरेट, एन्कोडर, मॉड्युलेशन, मग ठिपक्यांच्या आकृत्या, मग त्या ठिपक्यांना पडलेले रंग. काका चहा पीत शांतपणे ऐकत होते. बिस्किटं संपली. शेवटी साहेबांनी विचारलं, काही शंका?

"येकच," काका म्हणाले. "माजा चॅनल र्‍हानार का जानार, तवरा सांगा."

साहेबांनी किंचित विचार केला आणि स्लाइड पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या.

*

काकांची खरी अडचण कबड्डी होती.

ती आम्हाला शिल्पा कांबळेने समजावली. शिल्पा आमची इंजिनिअर. घरचे मूळचे परभणीकडचे, ती ऐरोलीत वाढलेली. तिने सांगितलं ते साधं होतं. चित्रातली जी गोष्ट हलत नाही ती पुन्हा पुन्हा पाठवावी लागत नाही, तिला जागा कमी लागते. जे हलतं ते सारखं नव्याने पाठवावं लागतं. कबड्डीत सगळंच हलतं. खेळाडू, धूळ, कडेची पोरं, दोरीवरच्या पताका. आणि काकांच्या चॅनलला आम्ही जागा दिलीये एवढीशी. मग चित्राचे चौकोन चौकोन होतात, ऐन चढाईत खेळाडूचं डोकं एकीकडे आणि पाय दुसऱ्याच संघात. थोडी जागा वाढवून दिली की प्रश्न मिटला.

पण जागा कांद्यासाठी राखून ठेवली होती.

साहेबांनी काकांना लेखी सल्ला दिला: कंटेंटमधलं मोशन कमी करा. काकांनी मला विचारलं, म्हणजे काय करायचं? मी म्हटलं, म्हणजे खेळाडूंनी कमी हलायचं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, मी फक्त मराठी केलं.

काका मात्र मार्ग काढणारा माणूस. पुढच्या सामन्यात त्यांनी कॅमेरा पंचावर लावला. पंच खुर्चीवर बसलेला, त्यामुळे मोशन जवळजवळ नाहीच. सबंध सामना लोकांनी पंचाच्या चेहऱ्यावरून बघितला. त्याने भुवया वर केल्या की चढाई जोरात, शिट्टी फुंकली की गडी बाद. अंतिम सामन्यापर्यंत हेच. चित्र एकदाही फुटलं नाही.

तो पंच पुढे नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहिला. घरोघरी ओळख होती.

*

ऑडिटच्या आधी सगळ्या केबलवाल्यांना ट्रेनिंग द्यायचं ठरलं. पावणे एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या वरच्या हॉलमध्ये ते झालं. खाली लेथ मशीन चालू, वर साहेब 'नॉइज' या विषयावर बोलतायत. साहेबांचं म्हणणं, तक्रार कळवताना घरगुती भाषा वापरू नका, प्रमाण संज्ञा वापरा. सिग्नलला आतून त्रास झाला तर 'इंटर्नल फॉल्ट', बाहेरच्या कशाने झाला तर 'एक्सटर्नल इव्हेंट'.

द्रोणागिरीच्या ठाकूरने हात वर केला. त्याचा धंदा बंदराच्या गोदामांच्या रस्त्यावर. तिथे कंटेनरवाले ट्रेलर वळताना त्याच्या वायरी ओढून नेतात. हे साहेबांच्या कुठल्या स्लाइडवर आहे, असं त्याने विचारलं. साहेबांनी समाधानाने सांगितलं, हेच तर एक्सटर्नल इव्हेंटचं उत्तम उदाहरण.

पुढच्या आठवड्यात केबलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठाकूरची तक्रार आली. भाषा अगदी प्रमाण होती:

"सकाळी एक्सटर्नल इव्हेंट आला. वायर घेऊन बंदराकडे गेला. थांब म्हटलं तर थांबला नाही. नंबर घेतलाय."

*

मग हळद. आगरी समाजातली हळद म्हणजे काय, हे ज्याने बघितलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. नवरा-नवरीच काय, आलेला पाहुणाही पांढऱ्या कपड्यात परत जात नाही. काकांच्या चॅनलवर लग्नसराईत रोज एखादी तरी हळद असते, कधी कधी दोन. आमच्या यंत्राने त्या पिवळ्यावर हरकत घेतली. म्हणे हा पिवळा गॅमटच्या बाहेरचा आहे. गॅमट म्हणजे पडद्याने किती रंग दाखवायचे याची ठरवून दिलेली हद्द. हळद हद्दीबाहेर गेली होती.

साहेबांनी काकांना सुचवलं, की हळद थोडी कमी लावली तर?

काकांनी विरोध केला नाही. शांतपणे खिशातून फोन काढला, एक नंबर लावला आणि साहेबांच्या हातात दिला. म्हणाले, "नवरीची आयस हाय. तिला तुमीच सांगा."

साहेबांनी त्या माऊलीला गॅमट समजावला. आम्ही काचेपलीकडून बघत होतो. सुरुवातीला साहेब बोलत होते आणि हात हलवत होते. मग फक्त बोलत होते. मग फक्त 'हो' म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी पत्ता लिहून घेतला, कारण बाईंनी त्यांना रविवारच्या हळदीचं आग्रहाने बोलावणं केलं होतं, आणि मिसेसना घेऊन या, असंही सांगितलं होतं.

सोमवारी साहेब ऑफिसला आले. शर्ट स्वच्छ होता, भांग नेहमीचा होता. दोन्ही कानांच्या मागे मात्र पिवळं राहिलं होतं. गॅमटचा विषय त्यानंतर निघाला नाही.

*

ऑडिटच्या थोडं आधी काकांचा वाढदिवस आला. या वेळी पाचशे लोकांचं जेवण आणि चॅनलवरून लाइव्ह भाषण. 'आपला चॅनल वाचवा' असं काका गावाला सांगणार होते. चॅनलची काळजी त्यांना खरोखरच लागून राहिली होती. टाइल्सवाल्याने जाहिरात काढून घ्यायची भाषा सुरू केली होती आणि कामोठ्याच्या लेकी रोज फोन करून विचारत होत्या, जत्रा दिसणार ना?

कोणीतरी मोठा टीव्ही आणून स्टेजसमोरच ठेवला, काकांना आपण कसे दिसतो ते बघता यावं म्हणून. आता डिजिटलमध्ये चित्र दाबायचं, बांधायचं, पाठवायचं, पुन्हा सोडवायचं, या सगळ्याला काही सेकंद जातात. त्याला लेटन्सी म्हणतात. म्हणजे काकांनी वाक्य बोलायचं, आणि ते वाक्य थोड्या वेळाने टीव्हीतल्या काकांनी बोलायचं.

काका पहिलं वाक्य बोलले. टीव्हीतून तेच आलं. काका थांबले, नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. मग दुसरं वाक्य बोलले. पुन्हा थांबले, पुन्हा ऐकलं. एका वाक्याला तर टाळीही वाजवली. भाषण लांबत चाललं. मटणाचा वास सुटला होता आणि माणसं चुळबुळ करत होती.

शिल्पा पुढे जाऊन हळूच म्हणाली, "काका, ती लेटन्सी आहे. तुम्ही बोलत राहा."

काका म्हणाले, "तो मीच ना? मंग तो बोलतंय तवर मी मधी कसा बोलू?"

साहेबांना हे उदाहरण फार आवडलं. त्यांनी ते स्लाइडवर घातलं. काकांचा फोटोसुद्धा टाकला.

*

ऑडिट करायला दिल्लीहून एक साहेब येणार होते. तारीख दोनदा पुढे गेली. काकांनी तोपर्यंत सगळी तयारी केली होती. शिल्पाच्या मदतीने एक खास कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवला होता. त्यात गावदेवीचं देऊळ होतं, बेताची हळद होती, आणि पंच होता. ऑडिटर आले की हा लावायचा, असं ठरलं होतं.

ज्या दिवशी ऑडिटर आले त्या दिवशी पहाटे गावातली आनूबाय गेली. वय झालं होतं. मिठागरं होती तोवर मिठागरात राबलेली बाई.

काकांच्या चॅनलचा एक रिवाज आहे. गावातलं माणूस गेलं की त्या दिवशी चॅनलवर फक्त त्या माणसाचा फोटो. जाहिरात नाही, गाणं नाही, आवाजच नाही. खाली नाव आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. संध्याकाळपर्यंत तेवढंच. दोन वर्षांपूर्वी एक दिवस तिथे माझ्या बायकोचा फोटो होता. ती गावची नव्हती, सोलापूरकडची. मी तसं म्हटलंही होतं. काका म्हणाले, गावान र्‍हाली ना, मंग गावचीच. त्या दिवशी मी ऑफिसला नव्हतो, त्यामुळे पॅरामीटर कसे होते ते मला माहीत नाही.

ऑडिटर चहा घेत होते तेव्हा शिल्पाने पडद्यावर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मी बाहेर जाऊन काकांना फोन केला. म्हटलं, काका, दिल्लीवाले आलेत, तासाभरासाठी फोटो काढा आणि रेकॉर्ड केलेलं लावा, पुन्हा फोटो लावता येईल. नाहीतर चॅनल आजच जाईल.

मागे बायकांचा रडण्याचा आवाज येत होता.

काका म्हणाले, "म्हातारी अजून घरान हाय. ती हाय तवर तिचा फोटो कसा काडू? चॅनल गेला तं जाऊं दे." आणि फोन ठेवला.

मी आत आलो. ऑडिटरनी काकांचं चॅनल मोठ्या पडद्यावर घेतलं होतं. आनूबायचा फोटो नातवाच्या लग्नातला होता. हिरवं लुगडं, मोठं कुंकू, आणि कॅमेऱ्याकडे जरा संशयाने बघणारे डोळे. बाजूच्या पडद्यांवर आकडे आणि आलेख चालू झाले. ऑडिटर आलेखांकडे बघत होते. साहेब ऑडिटरकडे बघत होते. आनूबाय सगळ्यांकडे बघत होती.

हळूहळू ऑडिटरच्या कपाळावरची आठी गेली. एरर शून्य. कुठेही चौकोन नाही. रंग हद्दीत. आवाज कुठेही मर्यादेबाहेर चढलेला नाही. त्यांनी यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू केलं, त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, सगळ्या राज्यात लोकल चॅनलचा असा सिग्नल बघितला नाही. स्किन टोन किती नॅचरल आहे, असंही म्हणाले.

सबनीस साहेबांना चेव आला. ते उठून पडद्याजवळ गेले आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'वर बोट ठेवून त्यांनी अक्षरांच्या कडा किती शार्प आहेत ते दाखवलं.

शिल्पा म्हणाली, "सर, त्यात काही हलत नाहीये."

"तेच तर," साहेब म्हणाले. "स्टॅबिलिटी."

चॅनल पास झालं. नुसतं पास नाही, पहिलं आलं. कांद्याच्या बाईला दुसऱ्या कोणाची तरी जागा शोधावी लागणार होती.

काका दुपारी आले. स्मशानातून घरी जाऊन, आंघोळ करून तसेच आले होते, केस ओले होते. चॅनल गेलं असं धरूनच आले होते, कारण दारातच त्यांनी मला विचारलं, चॅनल पाठवायला तुम्ही दिलेलं यंत्र आजच परत करायचं का. मी त्यांना आत नेलं.

साहेबांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. अभिनंदन केलं. दिल्लीचे साहेब काय काय म्हणाले ते एकेक पॅरामीटर घेऊन सांगितलं. काका ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. ते भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होते. आनूबाय अजून तिथेच होती.

"आता फक्त एक करा काका," साहेब म्हणाले. "रोज असाच कंटेंट ठेवा."

काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"रोज कसा जमल, साहेब," ते म्हणाले. "गावान तवरी मानसा नाय."